म्युझस्कोर या नोटेशन लिहिण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये ४/४ मध्ये आठ क्वेव्हर (अर्ध्या मात्रेच्या नोटा) ३+३+२ असे कसे जोडायचे?

एकेक नोट निवडून बीम (नोटा जोडणारी जाड रेघ) तोडत बसू नका. दोन बारसाठी (बार म्हणजे दोन उभ्या रेघांमधला भाग) ते ठीक आहे, चाळीस बार असतील तर हात दुखतील. ४/४ मध्ये म्युझस्कोर क्वेव्हर आपोआप चार-चारच्या गटात जोडतं. तो नियमच बदला.

टाइम सिग्नेचरवर (४/४ या आकड्यावर) राइट क्लिक करून तिची प्रॉपर्टीज उघडा. तिथे नोट ग्रुप्स नावाचा भाग आहे. ज्या नोटवर क्लिक कराल तिच्या आधी बीम तुटतो, आणि तुटलेला असेल तर पुन्हा जुळतो. म्हणजे पाचवीवर क्लिक करून मधली फट मिटवा, मग चौथी आणि सातवीवर क्लिक करा. झालं ३+३+२. सेमिक्वेव्हरची (क्वेव्हरच्या निम्म्या नोटांची) ओळ वेगळी असते, तीही बघून घ्या. पुढची टाइम सिग्नेचर येईपर्यंत हीच विभागणी चालते.

एवढं करूनही काही बार जुन्याच पद्धतीने दिसले, तर तिथे आधी कुणीतरी हाताने बीम बदललेले असणार. ते बार निवडून फॉरमॅट मेनूतलं रिसेट बीम्स चालवा.

एखादीच नोट सुटी हवी असेल, तर पॅलेटमधल्या बीम प्रॉपर्टीज पुरतात.

रूपक ताल ७/८ मध्ये लिहिणाऱ्यांनाही हीच युक्ती लागू: ३+२+२ साठी चौथी आणि सहावी नोट तोडायची, बाकी कुठे फट असेल तर मिटवायची. वादकाला खंड कागदावर डोळ्यांनीच दिसतात, मोजत बसावं लागत नाही.