वाचकांचे प्रश्न : मोंबासाचा दोन नावांचा सुलतान

प्रश्न : केनियाच्या किनाऱ्यावरील मोंबासा बेटाच्या इतिहासात कुठे 'दों जेरोनिमो चिंगुलिया' तर कुठे 'सुलतान युसुफ बिन हसन' असे नाव येते. हे दोघे भाऊ की बापलेक?

उत्तर : दोघे नव्हेत, माणूस एकच. मोंबासाच्या उत्तरेला असलेल्या मालिंदी शहराच्या राजघराण्यातला हा मुलगा. पोर्तुगीजांनी मोंबासा घेतल्यावर आपल्या मर्जीतल्या या घराण्याला तिथल्या गादीवर बसवले होते. पण युसुफचे वडील सुलतान हसन यांचे मोंबासातल्या फोर्ट जीझस या पोर्तुगीज किल्ल्याच्या कप्तानाशी बिनसले. ते मुख्य भूमीवर पळाले आणि 1614 मध्ये तिथे मारले गेले. मारेकरी स्थानिक टोळीतले असले तरी पैसा पोर्तुगीजांचा होता. हसन यांचे शीर गोव्याला धाडले गेले. सात वर्षांच्या युसुफचीही रवानगी गोव्यालाच झाली. तिथे ऑगस्टिनियन या ख्रिस्ती संघाच्या पाद्र्यांच्या देखरेखीखाली तो वाढला, बाप्तिस्मा झाला आणि युसुफचा जेरोनिमो झाला. पुढे तो पोर्तुगीज आरमारात तोफा डागायला शिकला. 'ऑर्डर ऑफ ख्राइस्ट' या पोर्तुगीज मानाच्या संघाचा सरदार म्हणून त्याला मानही मिळाला. 1626 मध्ये, विशीच्या उंबरठ्यावर, त्याला मोंबासाच्या गादीवर बसवण्यात आले. म्हणून पोर्तुगीज कागदांत जेरोनिमो आणि स्वाहिली-अरबी परंपरेत युसुफ.

प्रश्न : 1631 मध्ये युसुफने पोर्तुगीजांविरुद्ध केलेले बंड धर्मासाठी झाले की पैशासाठी? दोन्ही बाजू ठासून सांगणारे भेटतात.

उत्तर : आमच्या मते आधी जकातीचा हिशेब पाहावा, धर्म त्यानंतर. करारानुसार मोंबासाच्या जकातीतला तिसरा हिस्सा सुलतानाचा. कागदावर हे ठीक दिसते. व्यवहारात मात्र बंदरावर हुकूम चालायचा किल्ल्याच्या कप्तानाचा. कप्तानाची नेमणूक साधारण तीन वर्षांची, पगार तुटपुंजा आणि हे पद म्हणजे कमाई करून घेण्यासाठी मिळालेली बक्षिसी, असाच तेव्हाचा समज. त्यामुळे आलेला प्रत्येक कप्तान तीन वर्षांत हात धुऊन घ्यायचा. हस्तिदंताचा व्यापार आपल्या मुठीत ठेवायचा आणि पेंबा बेटावरच्या धान्यावरही डोळा असायचा. सुलतानाने गोव्याच्या विजरईकडे (पोर्तुगीज राजाच्या प्रतिनिधीकडे) तक्रार केली तरी पत्र जायला एक मोसम, उत्तर यायला दुसरा. तोवर कप्तानाची निम्मी मुदत सरलेली! हसन यांचा याच कचाट्यात बळी गेला आणि युसुफच्या वाट्यालाही तोच कचाटा आला.

त्यात युसुफची अडचण दुहेरी. मुसलमान रयतेच्या लेखी तो बाटलेला राजा, तर कप्तानाच्या लेखी कितीही सरदारकी मिळाली तरी 'तिथलाच एक'. तो रात्री वडिलांच्या कबरीवर जाऊन मुसलमानी पद्धतीने प्रार्थना करतो, ही खबर कप्तान पेद्रो लैताव द गांबोआ याच्या कानावर गेली. युसुफला पकडून गोव्याला न्यायचे घाटू लागले. गोव्यातले धर्मन्यायालय धर्म सोडणाऱ्याचे काय करते, हे तिथे बारा वर्षे काढलेल्या माणसाला सांगायला नको. धर्म इथे बंडाची ठिणगी ठरला. दारू मात्र आधीपासून साठलेली होती.

प्रश्न : फोर्ट जीझस इतका बळकट असताना तो एका दिवसात कसा पडला? आणि मग गोव्याहून आलेल्या आरमाराला तो परत का घेता आला नाही?

उत्तर : किल्ल्याच्या बांधणीत खोट नव्हती. 1593 मध्ये कायराती या इटालियन स्थापत्यकाराच्या आराखड्यावर तो प्रवाळी दगडात उभा राहू लागला. जमिनीच्या बाजूला सां फेलिपे आणि सांतो आल्बेर्तो, समुद्राकडे सां मातेउस आणि सां मातियास असे चार बुरूज. एका बुरुजावरून दुसऱ्याच्या तटाच्या पायथ्याशी मारा करता येईल असे कोन साधलेले. हे सगळे बाहेरच्या शत्रूसाठी. युसुफ भेटीला आलेला राजा म्हणून दरवाजातून आत गेला. 15 ऑगस्ट हा मारियामातेच्या स्वर्गारोहणाचा सण. त्याच सुमारास (काही नोंदी 16 तारीख देतात) त्याने कप्तानाला भोसकले आणि त्याच्या माणसांनी पहारेकरी कापले. पोर्तुगीज कुटुंबे शहरात, तटाबाहेर राहत होती. त्यांची घरे पेटली आणि ती ऑगस्टिनियन मठात शिरली. काही दिवसांनी त्यांना बाहेर काढून मारण्यात आले. मृतांचा आकडा दीडशेच्या आसपास दिला जातो, त्यात बायका-मुलेही होती. युसुफला नुसता स्वातंत्र्यवीर म्हणून रंगवणारे हा भाग गाळतात, तो गाळू नये. या प्रसंगाचे बहुतेक तपशील मात्र मृतांना हुतात्मा ठरवण्यासाठी गोव्यात झालेल्या जबान्यांतून आलेले आहेत, हेही वाचताना लक्षात असू द्या.

आरमाराचे म्हणाल तर ते घेऊन फ्रान्सिस्कू द मोरा 1632 च्या जानेवारीत आला. यात वाऱ्याचे गणित मोठे. गोव्याहून पूर्व आफ्रिकेला यायचे ते ईशान्येच्या वाऱ्यावर, साधारण डिसेंबर ते मार्च. म्हणजे वेढ्याला जेमतेम अडीच महिने. मोंबासा हे बेट, त्यामुळे आधी उतरण्याचीच मारामार. वर तोफा पोर्तुगीजांच्याच, दारूगोळा पोर्तुगीजांचाच आणि त्या डागणारा पोर्तुगीजांनीच शिकवलेला गोलंदाज! मार्चमध्ये वेढा उठला.

प्रश्न : मग जिंकलेला किल्ला त्याने सोडला का?

उत्तर : पुढच्या मोसमात नवे आरमार येणार हे नक्की होते आणि भरवशाचा मोठा मित्र कुणी नव्हता. 16 मे 1632 रोजी किल्ल्याची मोडतोड करून, हाती लागलेल्या पोर्तुगीज जहाजातून तो अरबस्तानाकडे निघून गेला. ऑगस्टमध्ये पोर्तुगीज रिकाम्या किल्ल्यात परतले. तो पुढे तांबड्या समुद्राच्या बाजूला चाचेगिरी करत राहिला आणि 1638 मध्ये जेद्दाजवळ मारला गेला. वय तिशीच्या आसपास.

प्रश्न : मोंबासाला जाण्याचा योग आहे. या प्रकरणाची खूण कुठे दिसेल?

उत्तर : किल्ल्याच्या मुख्य दरवाजावरचा पोर्तुगीज शिलालेख वाचून घ्या. तो 1635 मध्ये नेमलेल्या, किल्ला पुन्हा उभारणाऱ्या फ्रान्सिस्कू द सैशास द काब्रैरा या कप्तानाचा. नेमणुकीच्या वेळी तो 27 वर्षांचा होता, म्हणजे युसुफच्याच वयाचा. पाते आणि सियू या गावांचे तट आपण कसे पाडले, कुणाकुणाला खंडणी द्यायला लावली, याची त्यात जंत्री आहे. युसुफ त्यात 'जुलमी राजा' म्हणून येतो. किल्ल्यातल्या पुष्कळशा खोल्यांची रचना नंतरची आहे, कारण 1895 ते 1958 तिथे इंग्रजांचा तुरुंग होता. तेव्हा दिसेल ती भिंत 1631 ची समजू नका.

दुसरी खूण जवळची. जुन्या गोव्यात, युसुफला वाढवणाऱ्या ऑगस्टिनियनांच्या मठाचा 46 मीटर उंच मनोरा अर्धा उभा आहे. मठ 1835 मध्ये ओस पडला आणि 1842 मध्ये चर्चचे छत कोसळले. मनोऱ्यातली घंटा शोधत असाल तर ती तिथे नाही, पणजीच्या चर्चच्या माथ्यावर आहे.