नववी 'ब' हातात घेताना

प्रिय नव्या बाईंना,

अनेक आशीर्वाद. तुझा निरोप मिळाला. नववी 'ब', गणित, शिवाय वर्गशिक्षकही तूच. पहिल्या दिवशी मुलांना हुरूप येईल असं काय बोलू, असं विचारलंयस.

काही बोलू नकोस. नाव सांग, वेळापत्रक लिहून दे आणि शिकवायला लाग. त्या दिवशी प्रार्थनेनंतर मुख्याध्यापक बोलतात, पर्यवेक्षक बोलतात, संस्थेचं कुणी आलं असेल तर तेही हात धुऊन घेतात. तुझा तास येईपर्यंत पोरांचे कान किटलेले असतात. आणि 'पुढच्या वर्षी बोर्ड आहे' हे तर ती घरी उठता-बसता ऐकतात. तू निदान दिवाळीपर्यंत बोर्डाचं नाव काढू नकोस.

गोडी लागली की अभ्यास जमतो, असं सगळे म्हणतात. माझं मत उलटं आहे. आधी काहीतरी जमावं लागतं, गोडी मागून येते. म्हणून पहिल्या पंधरवड्यात तुझं काम एकच: वर्गातल्या प्रत्येक पोराचं एक तरी गणित, शेजारच्याच्या वहीत न डोकावता, बरोबर आलं पाहिजे.

पुस्तक तुझ्या बाजूनं आहे. बालभारतीच्या नववी गणित भाग 1 मधलं पहिलं प्रकरण संच. त्याला अपूर्णांक लागत नाहीत, दशांशाचा भागाकार लागत नाही. आठवीपर्यंत ढकलत ढकलत आलेला आणि दोन-दोन क्लास लावलेला, दोघंही इथे एकाच रेषेवर उभे असतात. पुढच्या प्रकरणात वास्तव संख्या येतात, करणी (मुळाच्या चिन्हातली संख्या) येते आणि जुनं कच्चं राहिलेलं सगळं उघडं पडतं. पुष्कळ शिक्षक संच 'सोपं आहे' म्हणून चार तासांत उरकतात. तू उरकू नकोस.

वेन आकृती (संच वर्तुळांनी दाखवायची आकृती) पुस्तकातल्या उदाहरणानं सुरू करण्याऐवजी वर्गालाच विचार: क्रिकेट कोण खेळतं? समजा अठरा हात आले. गणपतीत ढोलपथकात कोण वाजवणार? अकरा. (आपल्या पुण्यात याहून जास्तही येतील.) फळ्यावर बेरीज मांड, 29. आता या दोहोंपैकी काहीही करणाऱ्यांना उभं कर आणि मोज. पंचवीसच भरतात. चार कुठे गेले? इथे गप्प राहा, घाई करू नकोस. मागच्या बाकावरून कुणीतरी ओरडतो, "बाई, मी दोन्हीकडे हात वर केला!" त्यालाच खडू दे. एकमेकांत गेलेली दोन वर्तुळं, मधल्या भागात 4, एकीकडे 14, दुसरीकडे 7, हे त्यानंच लिहायचं. सूत्र दुसऱ्या दिवशी सांगितलंस तरी चालेल. मग आठवड्याच्या शेवटी दहा मार्कांची छोटी चाचणी घे आणि पेपर दुसऱ्याच दिवशी परत दे. पंधरा दिवसांनी मिळालेल्या मार्कांत कुणाला रस नसतो.

हजेरी नंबरानं घेऊ नकोस, नावानं घे. आठवड्यात सगळी नावं पाठ झाली पाहिजेत. त्यातही शांत, मधल्या रांगांतल्या मुलांची आधी. हुशार आणि दंगेखोर यांची नावं आपोआप कळतात.

पहिल्या तासाला कुणी डुलक्या घेत असेल तर वर्गात बोलू नकोस, मधल्या सुट्टीत विचार. पेठांतल्या शाळेत पहाटे पेपर टाकून येणारी, मंडईत आईबरोबर गाळा लावून येणारी पोरं असतात. अशाला 'आळशी' म्हटलंस की वर्षभर तो तुझ्याकडे बघणार नाही. पालख्या पुण्यात मुक्कामाला आल्या की दोन दिवस वर्ग निम्मा होतो, त्याचाही राग धरू नकोस. भवानी पेठेत नाहीतर नाना पेठेत राहणारं पोर त्या दिवसांत वारकऱ्यांना पाणी देत उभं असतं. आल्यावर त्याला चार ओळी सांगायला लाव.

प्रश्न विचारायची सवयही याच दिवसांत लागते. जयंत नारळीकर सर सही मागणाऱ्या मुलांना सांगत, पोस्टकार्डावर एखादा प्रश्न लिहून पाठव, उत्तर सहीसकट येईल. आणि यायचं. तू पाठकोऱ्या कागदावर प्रत्येकाकडून एक प्रश्न घे, गणिताचाच हवा असं नाही. उत्तर येत नसेल तर 'बघून सांगते' म्हण आणि खरंच सांग. सांगितलं नाहीस तर मुलं ते बरोबर लक्षात ठेवतात.

चौकाचौकांत फ्लेक्सवर झळकणाऱ्या टॉपरला वर्गात भाषणाला बोलावू नकोस. ज्यांना 45 टक्के पडतात त्यांना तो परक्या गावचा वाटतो. बोलवायचंच तर दहावीला एका विषयात राहून जुलैच्या पुरवणी परीक्षेत सुटलेला एखादा माजी विद्यार्थी शोध. त्याला एवढंच विचार, की निकालानंतरच्या पहिल्या आठवड्यात तू रोज काय करत होतास.

पालकांना पहिला निरोप तक्रारीचा जाता कामा नये. डायरीत एक ओळ, 'आज वेन आकृती फळ्यावर यानं काढली', आणि सही. शाळेकडून चांगलं काही कळायची कित्येक घरांना सवय नसते. एक आई घाबरून दुसऱ्याच दिवशी भेटायला आली होती, काय झालं म्हणून.

बक्षिसं म्हणून पेनं-चॉकलेटं आणत बसू नकोस. नव्यानं लागलेल्या शिक्षकाला, म्हणजे शिक्षणसेवकाला, महिना 18,000 मानधन, तेही वेळेवर येईलच असं नाही. रंगीत खडूंचा एक डबा मात्र अप्पा बळवंत चौकातून स्वतःचा घेऊन ठेव. स्टाफरूममधले जून संपायच्या आत गायब होतात.

पहिल्या चाचणीचे पेपर घेऊन एखाद्या रविवारी ये. दोघी मिळून बघू.

तुझी,
जुनी बाई