फिल्टर बदलला आणि इंजिन सीझ झालं. भरपाई कोणाकडून मागायची?

प्रश्न: मी सोलापूरचा. माझी घरगुती वापराची डिझेल गाडी आठ वर्षं जुनी आहे. ऑईल फिल्टर मी स्वतः स्पेअर पार्टच्या दुकानातून आणला आणि अक्कलकोट रोडवरच्या एका गॅरेजमध्ये ऑईल बदलून घेतलं. पैसे यूपीआयने दिले, बिल मिळालं नाही. दुसऱ्या दिवशी पुण्याला जाताना सावळेश्वर टोलनाक्याजवळ ऑईलचा लाल दिवा लागला आणि पुढे थोड्या अंतरावर इंजिन जाम झालं. गाडी टोचन करून त्याच गॅरेजला आणली. गॅरेजवाले म्हणतात फिल्टर डुप्लिकेट, दुकानदार म्हणतो बसवण्यात चूक. इंजिनकामाला 1,10,000 रुपये सांगितलेत आणि काम केल्याशिवाय गाडी सोडायला तयार नाहीत. काय करावं?

उत्तर: सगळ्यात आधी इंजिन उघडू देऊ नका. आजच गॅरेजच्या व्हॉट्सॲपवर लिहा: "माझ्या लेखी संमतीशिवाय इंजिन, फिल्टर किंवा चेंबरचा नट खोलू नये आणि कुठलाही सुटा भाग टाकून देऊ नये." (चेंबर म्हणजे इंजिनखालची ऑईलची टाकी.) अशा प्रकरणात निकाल कलमांपेक्षा फिल्टरच्या बैठकीवर, म्हणजे इंजिनवर फिल्टर जिथे बसतो त्या जागेवर, ठरतो. एकदा ती पुसून स्वच्छ झाली की तुमच्या हातात फक्त तोंडी आरोप उरतो.

मग गॅरेजमालक, दुकानदार आणि एक त्रयस्थ जाणकार यांच्यासमोर गाडी तपासून घ्या. परवानाधारक वाहन सर्व्हेअर किंवा शासकीय तंत्रनिकेतनातले मेकॅनिकलचे प्राध्यापक चालतील. दोघांना तारीख-वेळ लेखी कळवा. ते आले नाहीत तर तेही नोंदवा. व्हिडिओ न थांबवता काढा. आधी ऑईलची पातळी दाखवणारी काडी बघा, मग चेंबरमधलं उरलेलं ऑईल स्वच्छ भांड्यात काढून मोजा आणि गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या मापाशी ताडून पाहा. नवा फिल्टर खोलताना कॅमेरा इंजिनच्या बैठकीवर ठेवा.

ऑईल जवळजवळ संपलेलं असेल आणि बैठकीवर दोन रबरी रिंगा सापडल्या, तर दोष गॅरेजचा. जुना फिल्टर काढताना त्याची रिंग इंजिनला चिकटून राहते, त्यावरच नवा फिल्टर बसवला की इंजिन तापून दाब वाढल्यावर ऑईल उडून जातं. म्हणूनच काढलेला जुना फिल्टर गॅरेजच्या भंगारातून आत्ताच मिळवा. त्याला रिंग नसेल तर तो तुमचा सर्वांत बोलका पुरावा. चेंबरचा नट ढिला असेल, त्याचे आटे गेले असतील किंवा वॉशरच नसेल, तरीही जबाबदारी गॅरेजचीच. रिंग एकच आहे, पण ती फाटलीय किंवा फिल्टरचा पत्रा जोडावर उसवलाय, तर बोट दुकानदाराकडे वळतं. ऑईल पुरेसं असूनही इंजिन बसलं असेल तर फिल्टर कापून आतला कागद चेपलाय का, झडप अडकलीय का हे पाहावं लागेल. ऑईल पंपही तपासावा लागेल. तो निष्कर्ष तज्ज्ञालाच काढू द्या. चेंबरला दगडाचा ठोका दिसला तर मात्र हा विषय विम्याचा आहे, आणि तिथेही पॉलिसीत इंजिन संरक्षणाची जोड घेतली आहे का हे आधी बघावं लागेल.

"फिल्टर तुम्हीच आणलात" एवढं म्हणून गॅरेज सुटत नाही. फिल्टरचे आटे आणि रिंग आपल्या इंजिनाला जुळतात का ते पाहणं, रिंगला ऑईलचं बोट फिरवून फिल्टर हाताने कसणं (रिंग टेकल्यावर साधारण पाऊण फेरा), मग इंजिन काही मिनिटं चालू ठेवून खाली गळती बघणं आणि काडी पुन्हा तपासणं, हे ऑईल बदलण्याच्या कामातच येतं. ते न करणं ही ग्राहक संरक्षण कायदा 2019 च्या कलम 2(11) प्रमाणे सेवेतली त्रुटी आहे. दुकानदारासाठी कलम 86 बघा: मालाचा उत्पादक कोण हेच कळत नसेल तर विक्रेत्यावर उत्पादन दायित्व, म्हणजे सदोष मालाने झालेल्या नुकसानीची जबाबदारी, येऊ शकतं. म्हणून फिल्टरचा खोका जपून ठेवा. दोष नक्की कोणाचा हे स्पष्ट होईपर्यंत तक्रारीत दोघांनाही विरुद्ध पक्ष करा, नाहीतर हजर असलेला गैरहजराकडे बोट दाखवेल.

आता तुमची कमकुवत बाजू. लाल दिवा लागल्यावर गाडी किती चालवलीत? तो दिवा ऑईलचा दाब गेल्याची सूचना असतो, त्या क्षणी इंजिन बंद करायचं असतं. त्यापुढे चालवलेल्या प्रत्येक मिनिटाला बेअरिंग कोरडं घासतं. समोरचा वकील पहिला प्रश्न हाच विचारेल आणि ग्राहक आयोग भरपाई कमी करू शकतो. तरीही अंतर लपवू नका, तक्रारीत खरं तेच लिहा. टोलनाक्याची फास्टॅगची नोंद आणि टोचनवाल्याची पावती यांवरून ते अंतर निघतंच.

गाडी अडवण्याबद्दल: करार कायदा 1872 च्या कलम 170 प्रमाणे कारागिराला वस्तू ताब्यात ठेवता येते, पण त्याने केलेल्या कामाचा मोबदला मिळेपर्यंतच. ऑईल बदलल्याचे पैसे तुम्ही दिलेत. इंजिनकाम अजून झालेलंच नाही, त्यामुळे त्यापोटी गाडी रोखायचा हक्क त्यांना नाही. तक्रारीआधी दोघांना पाठवायच्या नोटिशीत हे स्पष्ट लिहा. नोटीस कायद्याने बंधनकारक नाही, तरी पोहोच मिळेल अशा टपालाने पाठवा आणि पंधरा दिवस द्या. बिल न देणं हीदेखील अनुचित व्यापारी प्रथा आहे, तेही घाला. यूपीआयची नोंद पैसे दिल्याचा पुरावा म्हणून चालते.

दाद मिळाली नाही तर सोलापूर जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करा, ग्राहक तक्रारींच्या सरकारी ई-जागृती पोर्टलवरूनही करता येते. वकील लावणं सक्तीचं नाही. शुल्क तुम्ही दिलेल्या मोबदल्यावर ठरतं, आणि 5 लाखांपर्यंत ते शून्य आहे. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षं. तक्रारीसोबतच ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम 38(8) खाली अंतरिम अर्ज द्या: गाडी परत मिळावी, सुटे भाग जतन व्हावेत. दोष तपासणीशिवाय ठरत नसेल तर आयोग भाग प्रयोगशाळेत पाठवू शकतो, त्यासाठी फिल्टर पिशवीत सीलबंद करून त्यावर उपस्थितांच्या सह्या घ्या. विरुद्ध पक्षाला उत्तरासाठी 30 दिवस आणि फार तर आणखी 15 मिळतात. त्यापुढे मुदत वाढत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने 2020 मध्ये स्पष्ट केलं आहे.

मागणीत इंजिनकामाचा खर्च, टोचनचं भाडं, तपासणीची फी आणि मनस्तापाची वाजवी रक्कम धरा. नवी गाडी मागू नका, त्याने तक्रारीचं वजन कमी होतं. दुरुस्तीचा अंदाज दुसऱ्या एका गॅरेजकडूनही लेखी घ्या. 1,10,000 चा आकडा देणारे तेच आहेत ज्यांच्याविरुद्ध तुम्ही जाताय. व्हिडिओ आणि चॅट जोडताना भारतीय साक्ष अधिनियम 2023 च्या कलम 63 चं, डिजिटल पुराव्यासाठीचं, प्रमाणपत्र द्या, आणि मूळ फोन निकाल लागेपर्यंत विकू नका.