वाचकांचे प्रश्न : राष्ट्रपतींची सही कुठवर चालते?

प्रश्न (सातारा) : संसदेने मंजूर केलेले विधेयक पटले नाही, तर राष्ट्रपती सही नाकारू शकतात का?

उत्तर : अनुच्छेद १११ मध्ये तीन वाटा आहेत. संमती द्यायची, रोखायची, किंवा संदेश जोडून विधेयक परत पाठवायचे. परत पाठवणे एकदाच. संसदेने ते दुरुस्त करून वा जसेच्या तसे पुन्हा मंजूर केले की संमती द्यावीच लागते. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांनी मे २००६ मध्ये लाभाच्या पदांचे विधेयक परत पाठवले. संसदेने ते न बदलता पुन्हा मंजूर केले आणि ऑगस्टमध्ये त्यांची सही झाली. धनविधेयक (कर आणि सरकारी खर्चाचे) तर परतही पाठवता येत नाही, आणि घटनादुरुस्तीला १९७१ च्या चोविसाव्या दुरुस्तीपासून संमती सक्तीची आहे.

फट आहे ती मुदतीत. सही किती दिवसांत करायची, हे घटनेत लिहिलेले नाही. १९८६ चे टपाल दुरुस्ती विधेयक झैलसिंग यांनी सही न करता आणि परतही न पाठवता ठेवून दिले. त्याचा कायदा कधीच झाला नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानेही मत दिले, की न्यायालय राष्ट्रपतींना ठरावीक मुदत घालून देऊ शकत नाही.

राज्याच्या विधेयकाचा हिशेब वेगळा आहे आणि इथेच बहुतेकांची गल्लत होते. राज्यपालांनी राष्ट्रपतींच्या विचारासाठी राखून ठेवलेले विधेयक अनुच्छेद २०१ खाली विधिमंडळाकडे परत आले, तर त्यावर सहा महिन्यांत फेरविचार करावा लागतो. पण पुन्हा मंजूर झाले तरी राष्ट्रपतींवर संमतीचे बंधन नाही.

प्रश्न (परभणी) : २३ नोव्हेंबर २०१९ च्या पहाटे महाराष्ट्रातली राष्ट्रपती राजवट उठली. मंत्रिमंडळाची बैठकच झाली नव्हती, मग ती सही वैध कशी?

उत्तर : अनुच्छेद ७४ नुसार राष्ट्रपती मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने वागतात. १९७६ च्या बेचाळिसाव्या दुरुस्तीने तो सल्ला स्पष्ट शब्दांत बंधनकारक केला. १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीने एकदा फेरविचार करायला सांगण्याची मुभा दिली. पण सल्ला बैठकीतूनच यावा, असे अनुच्छेद ७४ म्हणत नाही. तो कसा तयार व्हायचा, हे भारत सरकारच्या १९६१ च्या कामकाज नियमांत आहे, आणि त्यातला नियम १२ पंतप्रधानांना या नियमांतून सूट देण्याचा अधिकार देतो. त्या दिवशी हाच नियम वापरला गेला. ५ वाजून ४७ मिनिटांची अधिसूचना निघाली आणि मंत्रिमंडळाची मंजुरी मागाहून आली. राजवट उठवणाऱ्या उद्घोषणेला संसदेची मंजुरीही लागत नाही. ती लागते लागू करणाऱ्या उद्घोषणेला, दोन महिन्यांच्या आत.

हाच नियम २५ जून १९७५ च्या रात्रीही वापरला गेला होता. फक्रुद्दीन अली अहमद यांनी पंतप्रधानांच्या पत्रावर आणीबाणीची सही केली आणि मंत्रिमंडळ दुसऱ्या दिवशी सकाळी बसले. म्हणून चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीने अनुच्छेद ३५२ मध्ये अट घातली : मंत्रिमंडळाचा निर्णय लेखी कळवल्याशिवाय आणीबाणीची उद्घोषणा काढायची नाही. अनुच्छेद ३५६ मध्ये मात्र ही अट आली नाही.

ती यायला हवी, असे आमचे ठाम मत आहे. के. आर. नारायणन यांनी ऑक्टोबर १९९७ मध्ये उत्तर प्रदेशातील राजवटीची शिफारस फेरविचारासाठी परत पाठवली आणि मंत्रिमंडळाने ती सोडून दिली. राष्ट्रपतींच्या हाती असलेले हे एकमेव खरे साधन चालायला वेळ लागतो आणि ज्यांना फेरविचार करायला सांगायचा ते मंत्रिमंडळ जागेवर लागते. पहाटेच्या सहीत दोन्ही नसतात.

प्रश्न (लातूर) : अध्यादेश सहा महिने टिकतो, हे बरोबर का?

उत्तर : नाही. अध्यादेश म्हणजे संसद भरलेली नसताना राष्ट्रपतींनी काढलेला तात्पुरता कायदा. मोजणी त्याच्या तारखेपासून करू नका; ती संसद पुन्हा भरल्यापासून करायची, आणि त्यानंतर सहा आठवड्यांनी अध्यादेश संपतो. दोन सभागृहे वेगवेगळ्या दिवशी भरली, तर नंतरची तारीख धरा. अधिवेशन २० जुलैला सुरू झाले, तर हा काळ ऑगस्टच्या अखेरीस पुरा होतो. दोन बैठकांत सहा महिन्यांहून जास्त अंतर चालत नाही, म्हणून कमाल आयुष्य साधारण साडेसात महिने. दोन्ही सभागृहांनी नापसंतीचा ठराव केला तर त्याआधीही संपतो.

तोच अध्यादेश पुन्हा पुन्हा काढण्याची पळवाट पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतील प्रा. डी. सी. वाधवा यांनी उघडकीला आणली. बिहारमध्ये राज्यपालांच्या सहीने १९६७ ते १९८१ या काळात २५६ अध्यादेश निघाले आणि पुनःपुन्हा काढून काही तब्बल चौदा वर्षे जिवंत ठेवले गेले. १९८६ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने याला घटनेशी प्रतारणा म्हटले आणि वाधवांना १०,००० रुपये खर्च देवविला. २०१७ मध्ये सात न्यायमूर्तींच्या पीठाने अध्यादेश सभागृहापुढे ठेवणेही सक्तीचे असल्याचे सांगितले.

प्रश्न (पणजी) : दयेच्या अर्जावर राष्ट्रपती स्वतःच्या मताने निर्णय घेतात का?

उत्तर : नाही, तिथेही मंत्रिमंडळाचाच सल्ला, फाइल गृहमंत्रालयातून येते. अर्जावरच्या निर्णयाला अवाजवी उशीर झाला तर फाशीची जन्मठेप होऊ शकते. जानेवारी २०१४ च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने १५ जणांना फाशीऐवजी जन्मठेप दिली. अर्ज फेटाळल्याचे कैद्याला कळल्यापासून फाशीपर्यंत किमान १४ दिवस गेले पाहिजेत, असेही त्याच निकालात आहे. वकिलाने या दोन तारखा आधी मागून घ्याव्यात.