वाचकांचे प्रश्न : छज्ज्याची कड पातळच राहू द्या

प्रश्न : राजारामपुरीत आमचं १९३८चं दुमजली घर आहे. सपाट गच्ची, कोपऱ्यात गोल बाल्कनी, खिडक्यांवरून पट्ट्यासारखा फिरणारा छज्जा. छज्ज्याखालचे पोपडे पडतात, गंजलेली सळई दिसते. गवंडी म्हणतात, जाड गिलावा मारू. चालेल का?

उत्तर : नाही. दोन पावसाळे निघतील, मग गिलाव्यासकट तुकडा खाली येईल. ताज्या काँक्रीटमधल्या अल्कलीमुळे सळईला गंज धरत नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड मुरत मुरत सळईपर्यंत पोचला, की ते कवच जातं. गंज लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो आणि काँक्रीट आतून फोडतो.

छोट्या हातोडीनं ठोकत जा. बद्द आवाज येईल तिथं खडूनं खूण करा. ताज्या फोडलेल्या जागी फिनॉल्फ्थॅलीनचे (अल्कली ओळखणाऱ्या रसायनाचे) थेंब टाका. गुलाबी झालं तर तिथली अल्कली शाबूत. रंग आलाच नाही तर गेली.

पण खालचे पोपडे बघताना वर बघायचं राहून जातं. छज्जा भिंतीतून बाहेर लटकलेला असतो, म्हणून त्याचा भार पेलणारी सळई वरच्या अंगाला असते. वरून, भिंतीलगत लांबच लांब चीर दिसली तर आधी टेकू द्या, स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा, बाकीचं नंतर.

चीर नसली तरी काम टेकू लावूनच करायचं. सैल भाग छन्नीनं काढा, ब्रेकर नको. हादऱ्यानं चांगलंही सुटतं. सळईच्या मागेही दोन सेंटिमीटर मोकळं करा. नेमका इथंच कंटाळा केला जातो, आणि मागचा गंज आतच राहतो. लोखंड चकाकेपर्यंत घासून त्याच दिवशी गंजरोधक लेप लावा. सळईचा पाव भाग खाल्ला गेला असेल तर शेजारी नवी जोडावी लागते. मग पॉलिमर मिसळलेला मसाला : १ सिमेंट, ३ धुतलेली वाळू, ५० किलोच्या पोत्यामागे ५ ते ७ किलो पॉलिमर (डब्यावर वेगळं प्रमाण असेल तर ते पाळा). एका वेळी १० ते १२ मिमीचाच थर. दोन दिवस ओलं गोणपाट, पुढं हवेवर वाळू द्या. साध्या सिमेंटसारखं आठवडाभर पाणी मारायचं नाही.

कडेची जाडी मूळची तीन इंच असेल तर तीनच ठेवा. या घराची सगळी ऐट त्या बारीक आडव्या रेषेत आहे. पाच इंचाची झाली की छज्जा फळकुटासारखा दिसतो. खालच्या बाजूला, कडेपासून थोडी आत, पाणी तोडणारी बारीक खाच असते. ती बुजली की थेंब भिंतीकडं सरकतात.

प्रश्न : लोखंडी खिडक्या काढून ॲल्युमिनियमच्या सरकत्या बसवाव्यात का?

उत्तर : सरकती खिडकी अर्धीच उघडते आणि तिची चौकट जाड. तुमच्या खिडक्यांचे गज जेमतेम इंचभर आहेत. बहुतेक गंज खालच्या पट्टीतच असतो, कारण काच पक्की करणारी लांबी (पुट्टी) तडकून तिथं पाणी साठतं. तेवढी पट्टी कापून नवी वेल्ड होते. काच मात्र आधी काढा, उष्णतेनं तडकते. जुन्या रंगाखालचा शेंदरी थर बहुधा शिशाचा असतो, तो कोरडा घासू नका. पाणी मारून घासा, तोंडाला मास्क, मुलं लांब. वर झिंक फॉस्फेट प्रायमरचे दोन हात.

प्रश्न : गच्ची गळते. जुन्या कोब्यावर नवा कोबा घालू का?

उत्तर : चार इंच विटांचा कोबा म्हणजे चौरस मीटरला सुमारे २०० किलो. जुना काढल्याशिवाय नवा नको. उतार शंभराला एक तरी हवा, कठड्याच्या मुळाशी गोल वाटा (सांध्यावरची मसाल्याची गोलाई) हवा. पॅरिसजवळच्या पॉइसीतल्या, १९३१ साली पुरी झालेल्या व्हिला साव्हॉय या नामांकित घराचं सपाट छतही गळायचं, आणि मालकिणीनं वास्तुकार ल कॉर्ब्युझिएंकडं पत्रांतून तक्रारी केल्या होत्या. तुमच्या आजोबांच्या मिस्त्रीला एकट्याला दोष नको. काम मार्च-एप्रिलमध्ये उरका, आणि पाऊस यायच्या आत गच्चीत इंचभर पाणी ४८ तास साठवून खालून छत बघा.