वाचकांचे प्रश्न : फॉरमॅट मारण्याआधी

प्रश्न : पंचवटीतील माझ्या कार्यालयात द्राक्ष बागायतदारांचे हिशेब टॅलीवर ठेवले जातात. परवा अपडेटनंतर विंडोज सुरूच होईना, तेव्हा दुरुस्तीवाल्याने फॉरमॅट मारावा लागेल असे सांगितले. लिनक्स किंवा मॅक असते तर दुरुस्ती सोपी झाली असती का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : फॉरमॅटला तूर्त होकार देऊ नका. टॅलीचा डेटा आणि डेस्कटॉपवरच्या फायली पुष्कळदा सी ड्राइव्हमध्येच असतात, आणि फॉरमॅटमध्ये पुसला जातो तो हाच भाग. दुसऱ्या संगणकावर उबुंटू या लिनक्स प्रणालीचा पेनड्राइव्ह तयार करून त्यावरून आपले यंत्र सुरू करावे, उबुंटू इन्स्टॉल न करता नुसते वापरून पाहण्याचा पर्याय निवडावा आणि टॅलीचे फोल्डर बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्यावे. ड्राइव्हला बिटलॉकर (विंडोजचे डिस्क-कुलूप) असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की लागेल. ती बहुधा आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात सापडते.

डेटा हाती आल्यावरच विंडोजला हात लावावा. सुरू होण्याचा प्रयत्न लागोपाठ फसला की दुरुस्तीचा निळा स्क्रीन आपोआप येतो, आणि त्यात स्टार्टअप रिपेअर, सेफ मोड (मोजक्या मूलभूत गोष्टींसह विंडोज सुरू करणे) तसेच नुकताच बसलेला अपडेट काढून टाकण्याची सोय असते. आपल्या बाबतीत या शेवटच्या उपायापासूनच सुरुवात करावी. साधने पुरेशी आहेत. अडचण आहे ती बिघाडाचे मूळ शोधण्याची, कारण विंडोजच्या बहुतेक सेटिंग्ज रजिस्ट्री नावाच्या गुंतागुंतीच्या कोठारात असतात आणि तेथे शोध घेत बसण्यापेक्षा फॉरमॅट लवकर उरकतो.

लिनक्समध्ये बहुतेक सेटिंग्ज साध्या मजकुराच्या फायलींत असतात, त्यामुळे बंद पडलेली प्रणाली पेनड्राइव्हवरून उघडून चुकलेली ओळ सुधारता येते किंवा ग्रब हा बूटलोडर (प्रणाली सुरू करून देणारा प्रोग्राम) पुन्हा बसवता येतो. माझ्या मते दुरुस्तीला सर्वांत मोकळी प्रणाली हीच, मात्र ते काम जाणणारा माणूस जवळ हवा. मॅकमध्ये २०२० च्या बिग सर या आवृत्तीपासून मूळ प्रणाली सीलबंद कप्प्यात असते, म्हणून रिकव्हरीतून ती पुन्हा बसवली तरी आपल्या फायली सहसा जागच्या जागी राहतात. पण नव्या मॅकमधील साठवण त्याच यंत्राच्या चिपशी जखडलेली असल्याने बोर्ड गेला तर टाइम मशीन या मॅकमधील सोयीने घेतलेल्या बॅकअपवाचून गत्यंतर नाही.

१९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या संगणक-सुरक्षा कंपनीच्या सदोष अपडेटने सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रे बंद पडली, तेव्हा सेफ मोडमध्ये जाऊन एक फाइल पुसणे एवढाच उपाय होता. परंतु असंख्य यंत्रांपाशी त्यासाठी माणसाला स्वतः जावे लागले, आणि जेथे बिटलॉकरची की हाताशी नव्हती तेथे काम अडून राहिले.

टॅलीप्राइम विंडोजसाठीच बनलेले असल्याने केवळ या एका बिघाडापायी प्रणाली बदलू नये. रिकव्हरी की कागदावर उतरवून कपाटात ठेवावी, आणि टॅलीचा बॅकअप रोज संध्याकाळी बाहेरच्या डिस्कवर घेऊन ती डिस्क यंत्रापासून काढून ठेवावी.