फॅमिकॉममध्ये एका ओळीत 8 ऐवजी 16 स्प्राइट देता आले असते का?

आले असते, आणि तेही 1983 च्याच मेमरीवर. फॅमिकॉम म्हणजे निन्टेन्डोचं त्या वर्षीचं गेम मशीन, स्प्राइट म्हणजे पडद्यावर हलणारी छोटी चित्रं, आणि एका आडव्या ओळीत ती आठच दिसू शकतात. तुम्ही विचारलंय की कॉन्ट्रा या गेममध्ये गर्दी झाली की सैनिक लुकलुकतात तो निन्टेन्डोचा कंजूषपणा होता का, कारण इम्युलेटरमध्ये (जुन्या मशीनची नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) ही मर्यादा एका टिकमार्कने उडते. हे टिकमार्कचं बोलणं मी ऑफिसातल्या एका सीनियरकडून इतक्यांदा ऐकलंय की उत्तर दिल्याशिवाय राहवत नाही.

घरी एफपीजीएवर, म्हणजे आतलं सर्किट आपणच ठरवता येतं अशा चिपवर, मी फॅमिकॉमचा पीपीयू (चित्र काढणारी चिप) लिहिला होता आणि त्यात 16 स्प्राइट बसवायला घेतले होते. सीनियर म्हणाले, "अगं, ॲरे मोठा कर, झालं." तेवढ्याने काही होत नाही. एका स्कॅनलाइनला, म्हणजे पडद्यावरच्या एका आडव्या ओळीला, 341 क्लॉक (चिपचे ठोके) मिळतात. पुढच्या ओळीच्या स्प्राइटची चित्रं आणायला त्यातले 257 ते 320 एवढेच, म्हणजे 64. एका स्प्राइटला 8 लागतात, म्हणून आठ स्प्राइट.

पण त्या 8 क्लॉकमध्ये मेमरी चार वेळा वाचली जाते आणि पहिली दोन वाचनं वाया जातात. नेमटेबलचा (बॅकग्राउंडमध्ये कुठे कोणतं चित्र, या यादीचा) बाइट वाचायचा आणि सोडून द्यायचा, असं दोनदा. बॅकग्राउंडसाठी जी आठ क्लॉकची लय होती तीच इथे चालू ठेवली, त्यामुळे वेगळं कंट्रोल सर्किट लागलं नाही, असं माझं मत. ती दोन वाचनं काढा, 64 क्लॉकमध्ये 16 स्प्राइट येतात.

पुढचा अडथळा शोधाचा. एकूण 64 स्प्राइटपैकी या ओळीवर कोणते, हे 65 ते 256 या 192 क्लॉकमध्ये ठरतं. प्रत्येकाचा वाय (उभी जागा) बघायला 2 क्लॉक, सापडला तर उरलेले तीन बाइट उतरवायला आणखी 6. आठ सापडले तर 128 अधिक 48, म्हणजे 176. सोळा सापडले तर 224, बसत नाही. मात्र त्याआधीचे 64 क्लॉक निवडीची छोटी यादी पुसण्यात जातात. किती सापडले याचा एक काउंटर ठेवला तर पुसायचं कारणच नाही. शोध पहिल्या क्लॉकपासून सुरू करा, 256 मध्ये 224 आरामात मावतात. क्लॉक तोच, कार्ट्रिजच्या रॉमचा वेग तोच!

सगळा हिशेब कागदावर मांडून दाखवला तरी सीनियरचं उत्तर, "शेवटी दिसतं तेच ना?" मला हे मुळीच मान्य नाही. टिकमार्क म्हणजे मर्यादा न पाळणं. त्यातून त्या काळी काय बनवता आलं असतं ते कळत नाही. शिवाय झेल्डाच्या पहिल्या गेममध्ये भुयारातल्या वरच्या-खालच्या दारांत नायक लिंकला झाकायला हीच आठची मर्यादा मुद्दाम वापरली आहे. माझ्या डिझाइनमध्येही तिथे बिघडतं, पण त्या मशीनसाठी गेम लिहिणाऱ्याने सोळाचा हिशेब धरला असता.

कंजूषपणाबद्दल: शिफ्ट रजिस्टर (स्प्राइटचे ठिपके एकेक करून बाहेर सोडणारं) आणि एक्स काउंटर (ते ओळीत कुठे सुरू करायचे ते मोजणारा) यांचे आठ संच सोळा करावे लागतात, छोटी यादी 32 बाइटची 64 होते. चिप मोठी होणारच, आणि मशीन 14,800 येनला विकायचं होतं. त्यांना मी दोष देणार नाही.

एफपीजीए बोर्ड कुठला घ्यावा म्हणाल तर डीई10-नॅनो, मिस्टर (जुनी मशीनं एफपीजीएवर उभी करणारा प्रकल्प) त्यावर चालतो. पण आधी 341 चौकटींचा तक्ता काढा आणि कोणत्या क्लॉकला मेमरी कोण वाचतंय ते भरा. फ्रेमबफर (पूर्ण पडद्याचं चित्र साठवणारी मेमरी) घेऊन सुरुवात करू नका. फॅमिकॉमला तो नव्हता, आणि तो दिलात की यातला एकही हिशेब करायची वेळ तुमच्यावर येणार नाही.